‘तयार चित्रं चिकटवण्यात कसली आलीय कल्पकता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार. वर्गात ऑनलाइन स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्ट चित्रांच्या चौकटींत क्रमानं मांडण्याची पाटी, वापरण्याबद्दल मी लिहिलं, त्यावर तुम्ही चांगलीच झाडाझडती घेतलीत. दोन ओळींत उत्तर देऊन पळ काढणं बरं दिसणार नाही. तुमचे आक्षेप तीन: तयार पात्रं उचलून चौकटीत टाकणं ही कल्पकता नव्हे, मुलांचा चित्राचा हात जाईल, आणि नेट नसलेल्या शाळांसाठी हे सगळे चोचलेच.

नेटचं सोळा आणे खरं. म्हणून माझं बरंच काम लिब्रेऑफिस इम्प्रेस या स्लाइड बनवायच्या प्रोग्रॅमवर चालतं. एकदा संगणकावर टाकलं की नेट लागत नाही, स्लाइडवर सहा चौकटी आखल्या की झालं. नेट असेल त्या दिवशी कॅनव्हा, हे तयार चित्रं असलेलं ऑनलाइन टूल. शिक्षकांना ते फुकट मिळतं.

आता कल्पकता. मी मराठी शिकवतो, आणि माझं दुखणं आहे कथालेखन. ‘म्हातारा शेतकरी, चार आळशी मुलगे, शेतात पुरलेलं धन’ असे मुद्दे दिले की निम्म्या वह्यांत पहिलं पान गावाच्या वर्णनात जातं. झुळझुळ नदी, हिरवीगार शेतं, चौघांची नावं, शेतकऱ्याची बायको. मग एकदम ‘शेवटी त्यांना कष्टाचे महत्त्व पटले’ आणि तात्पर्य. मुलगे शेत खणतात, काहीच सापडत नाही, चिडतात, त्यातला एखादा बापाला शिव्या घालत असेल, ती खरी गोष्ट गायब! वहीवर लाल शाईनं ‘मधला भाग वाढव’ लिहून काही होत नाही. सहा चौकटी दिल्या की चौथीपर्यंत नुसतं गावच चाललंय हे पोराला स्वतःला दिसतं. मग ते दोन चौकटी उडवतं.

हातानं काढलेल्या चित्रात नेमकं हेच होत नाही. अर्धा तास खपून काढलेली विहीर कुठलं मूल फाडून टाकेल? वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टोरीबोर्ड रुळला तो कच्ची चित्रं भिंतीवर टाचून ठेवायला. पटलं नाही की काढायचं, जागा बदलायची. चित्र स्वस्तात पडलं की गोष्ट बदलायला जीव अडत नाही. आणि तयार चित्रांचंच म्हणाल, तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळी गावच्या चित्रकथीत पूर्वजांच्या पोथीतली चित्रं एकेक पुढं धरून कथा सांगतात. सांगणाऱ्याला आपण कल्पनाशून्य म्हणत नाही.

मात्र चित्रसंग्रहाबद्दल तुमचा राग मला मान्य आहे. मी वापरलेल्या एका टूलमध्ये किल्ला म्हणजे युरोपातला, शेतकरी म्हणजे हॅट घातलेला. पागोटं नाही, नऊवारी नाही, बैलगाडीचं तर नावच नको. आमचा म्हातारा शेतकरी काउबॉय होऊन मेला. शिवाय पीडीएफ काढली की फुग्यातली जोडाक्षरं सुटी झाली, ते वेगळंच. यावर तोडगा असा की चौकटींचा क्रम पक्का होईपर्यंत तयार चित्रं, किंवा नुसते गोल आणि रेघा. क्रम ठरला की मुलं हातानं चित्रं काढतात, मी मोबाइलवर फोटो घेऊन चौकटीत बसवतो. तुमच्या चित्रकलेच्या तासाची तिथं फार गरज असते. पळणारा माणूस कसा काढायचा ते मला शिकवता येत नाही.

तुम्ही न काढलेला एक मुद्दा मला जास्त छळतो, तो म्हणजे खात्यांचा. बरीच टूल्स प्रत्येक मुलाचा ईमेल मागतात. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. दहावीसुद्धा त्यातच आली. इतक्या पालकांच्या मागं कोण लागणार? त्यामुळे आमच्या वर्गात खातं एकच, माझं, तेही प्रोजेक्टरवर. मुलांची नावं, चेहरे काही त्यात चढवत नाही. एकाच वेळी एकाच गटाला माउस मिळतो आणि बाकीचे ओरडून सूचना देतात. शेजारच्या वर्गाची तक्रार येते ती त्या आरडाओरड्याची.