बुरशी नेमकी चांगल्याच रीडला येते

क्लॅरिनेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या माउथपीसला, म्हणजे तोंडात धरायच्या टोकाला, जी पातळ पट्टी लावतात आणि फुंकल्यावर जी थरथरते, ती रीड. दहा रीड्सची डबी फोडली की त्यात दोन, फार तर तीन अशा निघतात की ओठाला लावताच सूर लागतो. चार-पाच कामचलाऊ असतात. बाकीच्या चिरकतात. आणि बुरशी येते ती त्या दोन-तिघींपैकीच एकीला! चिरकणारीला ती शिवत नाही. क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवाले याला नशीब म्हणतात. माझ्या मते इथे नशिबाचा काडीचाही संबंध नाही. आवडती रीड आपण सकाळी वाजवतो, संध्याकाळी वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रम असला तर पुन्हा तीच लावतो. तिला वाळायला सवडच मिळत नाही. चिरकणारीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून ती कोरडी राहते, आणि कोरड्यात बुरशीचं काही चालत नाही. नावडतीचं मीठ अळणी असेल, पण डबीत टिकते तीच.

रीड म्हणजे शेवटी गवत. अरुंडो डोनॅक्स नावाचं, उंच वाढणारं, दक्षिण फ्रान्समधल्या व्हार भागातलं विशेष नावाजलेलं. ते उभं असताना मुळांकडचं पाणी वर चढवायला त्याच्या पोटात बारीक उभ्या नळ्या असतात. कापून, वाळवून, तासून त्याची रीड केली तरी नळ्या आपलं काम विसरत नाहीत. पूर्वी पाणी ओढायच्या, आता आपली लाळ ओढतात. लाळेत प्रथिनं असतात, खाल्लेल्याचे कण असतात, आणि वाजवायच्या आधी काही गोड प्यायलं असेल तर साखरही असते. वर आपण तिला बंद, अंधाऱ्या डबीत ठेवतो. बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. एवढी बडदास्त ठेवल्यावर ते कशाला परत जातील?

खरी मेख आहे जाडीत. क्लॅरिनेटच्या रीडचं टोक साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, आणि बूड जवळपास तीन मिलिमीटर. टोक काही मिनिटांत वाळतं आणि बोटाला कोरडं लागतं. आपण खूश होऊन डबी मिटतो. पोटातली ओल आणि माउथपीसला चिकटून बसलेल्या सपाट पाठीची ओल मात्र तशीच असते. म्हणून डाग बहुधा पाठीवर सापडतात, जिथे वाजवताना आपलं लक्षच जात नाही. ते दिसतात कधी, तर दुसऱ्या कुणी तरी रीड हातात घेऊन उलटी केल्यावर. मग त्या माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव.

सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे रीड माउथपीसवरच ठेवून वर टोपी घालणं. टोपी रीडच्या टोकाला धक्का लागू नये म्हणून असते, ते काही तिचं घर नव्हे. ‘उद्या परत वाजवायचंच आहे’ हे कारण सगळेच देतात. उद्या कामं निघतात, परवा पाहुणे येतात, आणि चौथ्या दिवशी टोपी काढल्यावर जो वास येतो त्याचं वर्णन मी करत नाही.

वाजवून झालं की लिगेचर, म्हणजे रीड आवळून धरणारा पट्टा, सैल करा, रीड काढा, साध्या पाण्याच्या धारेखाली दोन्ही बाजूंनी काही सेकंद धरा. धुतल्याने ओल वाढेल असं वाटतं, पण लाळेतलं खाद्य निघून जातं आणि वाळायची ओल साध्या पाण्याची उरते. मग अंगठा बुडाकडून टोकाकडे फिरवून पाणी निपटा. उलट दिशेने फिरवलात तर टोकाचा धागा उचकटेल आणि बुरशीची काळजी करायला रीडच उरणार नाही. नंतर पंधरा-वीस मिनिटं उघड्या हवेत, पाठ वर करून. त्यानंतर ती खाचा असलेल्या काचेवर किंवा तशाच धारकात ठेवायची. काच सपाट असते म्हणून रीड वाकत नाही, आणि खाचांमधून पाठीला हवा लागते. गुळगुळीत काचेवर ओली रीड दाबून बसवली तर पाठ घुसमटते, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

याला जोड हवी पाळीची. चार रीड्स घ्यायच्या, बुडाच्या सालीवर पेन्सिलने १ ते ४ आकडे टाकायचे आणि रोज एकच वाजवायची. म्हणजे प्रत्येकीला मध्ये तीन दिवस वाळायला मिळतात. कागदावर ही योजना निर्दोष आहे. प्रत्यक्षात ३ नंबर चांगली निघते, आणि मग सोमवारी ३, मंगळवारी ३, बुधवारी ‘आज जरा महत्त्वाचं आहे’ म्हणून ३. एक नंबरवरची पेन्सिल तेवढी ताजी राहते.

बरं, नुसतं वाळवून भागलं असतं तरी एकवेळ चाललं असतं. पण रीड फार कोरडी झाली तर तिचं टोक लाटांसारखं वेडंवाकडं होतं, पाठ वाकते, कधी उभी चीर जाते. म्हणजे ओलसर ठेवली तर बुरशी आणि सुकवली तर वेटोळं. डबीतली आर्द्रता ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर दोन्हीकडून निभावतं. ७० च्या वर बराच काळ राहिली की बुरशीला रान मोकळं. आर्द्रता धरून ठेवणारी छोटी पाकिटं मिळतात, त्यांच्यावर आकडा छापलेला असतो. ४९ किंवा ५८ चं घेतलंत तर निवांत झोपा. ७२ चंही मिळतं आणि टोकं सरळ ठेवायला ते आवडणारे बरेच आहेत, पण त्याच्याबरोबर ओली रीड बंद केली तर आपण बुरशीची रोपवाटिका काढली असं समजायचं. पाकीट घालायचं ते रीड आधी पूर्ण वाळवूनच.

डबीत ठेवायला छोटा आर्द्रतामापक मिळतो. त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, स्वस्तातले बरेच थापा मारतात. बाटलीच्या बुचात साधं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी टाकून चिखलाएवढं ओलं करा (विरघळू देऊ नका) आणि मापकासकट घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत रात्रभर ठेवा. ओल्या मिठावरची बंद हवा ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मापक सकाळी ६८ दाखवत असेल तर तो सात टक्के खोटं बोलतो, तेवढे मनातल्या मनात मिळवायचे.

पूर्वी डबीत संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवायची पद्धत होती, अजूनही काही जुने वादक ती छातीठोकपणे सांगतात. सालीमुळे ओल राहते हे खरं. पण दोन दिवसांत सालीलाच हिरवी लव येते. बुरशी टाळायच्या डबीत बुरशी पाळायची ही युक्ती मला आजवर कळलेली नाही.

डाग दिसला की लगेच गळा काढू नये. रीडच्या सालीवर तपकिरी, जांभळट ठिपके किंवा पट्टे असतात, ते गवताचे जन्मजात. रीड नवी होती तेव्हापासून असतात, वाढत नाहीत, नखाने निघत नाहीत. बुरशी करडी, काळी किंवा हिरवट, लवदार असते, तासलेल्या भागावर किंवा पाठीवर बसते, आठवड्याने मोठी होते आणि कुबट वास मारते. शंका आली तर फोटो काढून ठेवा आणि आठवड्याने ताडून बघा. तोवर ती रीड वाजवू नका, हे सांगायला नको.

डाग अगदी कोवळा, वरवरचा असेल तर ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रीड पंधरा-वीस मिनिटं बुडवा. फेस येतो, बघायला मजा येते, आणि बुरशी मेली असं वाटतं. पण फेस हा त्याचा पुरावा नव्हे. लाळेतल्या, जंतूंमधल्या आणि बुरशीतल्या एका विकरामुळे पेरॉक्साइड फुटतं आणि ऑक्सिजन सुटतो, त्याचा तो फेस. बाटली गडद रंगाची असते कारण उजेडात हे द्रावण हळूहळू नुसतं पाणी होतं. वर्षानुवर्षं उघडून ठेवलेल्या बाटलीने काही साधत नाही. नंतर रीड भरपूर पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवा. उकळू नका, कडक उन्हात ठेवू नका. कपड्यांच्या ब्लीचमध्ये तर मुळीच नको, ती ओठांत धरायची आहे. डाग खोल गेला असेल तर बुरशीचे तंतू त्याच नळ्यांतून आत पोचलेले असतात. वरून कितीही घासलं तरी ते आत बसून राहतात. ती टाकायची. हो, ३ नंबर असली तरी.

ही कटकट नुसती चवीसाठी नाही. २०१६ साली ‘थोरॅक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात बॅगपाइप वाजवणाऱ्या एका ६१ वर्षांच्या माणसाची नोंद आली. फुप्फुसांना दीर्घकाळ सूज, आणि वाद्याच्या ओल्या पोटात नाना तऱ्हेच्या बुरशी. वाद्य घरी ठेवून तीन महिने परदेशी गेला तेव्हा त्याला बरं वाटलं, परत येऊन वाजवायला लागल्यावर त्रास उलटला, आणि पुढे तो दगावला. तेव्हा रीड स्वच्छ करून ती ओलसर वाद्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही. वाद्याच्या नळीतून फडकं ओढून झालं की तेच ओलं फडकं वाद्याच्या पेटीच्या कप्प्यात कोंबण्याची सवय सर्वदूर आहे. मग पेटी बंद केली की आतली हवा दमट, आणि डबीला तेवढीशी फट असली तरी पुरे. फडकं बाहेर वाळत घाला. माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात साबणाच्या थेंबाने धुवा. गरम पाणी नको, माउथपीसचं एबोनाइट (कडक रबर) हिरवट पडतं.

ओबो आणि बसून हीही रीडचीच फुंकवाद्यं, पण ती वाजवणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. त्यांच्या रीडला दोन पाती असतात आणि मधली फट आतूनच पुसता येत नाही. पाणी बुडाकडून टोकाकडे जाऊ द्यायचं, मग त्याच दिशेने फुंकून थेंब उडवायचे आणि झाकणाला भोकं असलेल्या डबीत ठेवायची. बसूनच्या रीडवर तारा आणि दोरा असतो, म्हणून पेरॉक्साइडमध्ये तासन्‌तास भिजत घालू नये. ओबोवाले बहुधा रीड स्वतः तासतात, त्यामुळे एक रीड गेली की एक दुपार गेली. त्यांच्यासमोर विषय काढू नये.

कृत्रिम रीडवाले हे सगळं ऐकून मंद हसतात. त्यांच्या प्लास्टिकला नळ्या नाहीत, वाकणं नाही, पाकिटं नाहीत. पण लाळेचा थर त्यांच्याही रीडवर बसतो आणि बुरशीला तो पुरतो. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, बोटाने दोन्ही बाजू चोळायच्या, फडक्याने पुसायची, दोन मिनिटांचं काम. त्यांना ते सांगितलं की म्हणतात, प्लास्टिकची आहे ना, मग कशाला?