गाईला उष्टं चालतं का?

पोळ्याच्या आदल्या रात्री आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भांडण पेटलं. एरवी तिथं सुप्रभात आणि वाढदिवसापलीकडे काही घडत नाही.

वर्धा जिल्ह्यात आर्वीच्या बाजूला आमचं घर. सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. गोठ्यात चार संकरित गाई, आणि बाबांच्या हट्टापायी एक गवळाऊ, म्हणजे आमच्याकडची देशी गाय. दुधाचं सगळं धाकटा पाहतो. त्याच्याकडे एक दलाल डीडीजीएसची पोती घेऊन आला होता. इथेनॉलच्या कारखान्यात मका नाहीतर तांदूळ आंबवून त्यातल्या स्टार्चचं इथेनॉल करतात. मागं जो चोथा उरतो, प्रथिनं, तेल, साल, तो वाळवला की झालं डीडीजीएस. मक्याच्या चोथ्यात प्रथिनं ३० टक्क्यांच्या आसपास, तांदळाच्यात ४५ पर्यंत. सरकीच्या ढेपेत वीस-बावीस. वर पोतं ढेपेहून स्वस्त. धाकट्याचा हिशेब तिथंच संपला होता.

बाबांचा व्हॉइस मेसेज आला, "दारूचं उष्टं गाईले? अन् तेही पोळ्याच्या तोंडावर?" काकूनं कामधेनूचं चित्र टाकलं. मग धाकट्यानं मला मधे ओढलं, "दादाले विचारा. त्याच्या तिकडच्या गाई तं बिअरचा चोथा खातात."

खातात हे खरं. मी नेदरलँड्सच्या फ्रिसलंड भागात अकरा वर्षं राहतो. माझ्या घरामागं एका शेतकऱ्याचा गोठा आहे. त्याच्याकडे बिअरच्या कारखान्यातून बार्लीचा ओला चोथा ट्रकनं येतो. हिवाळ्यात ट्रक उलटला की ढिगातून वाफा निघतात, आणि वास थेट आमच्या गोठ्यातल्या आंबोणाचा. पहिल्यांदा तो नाकात गेला तेव्हा मी सायकल थांबवून उभा राहिलो होतो. चोथा दाबून वर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर जुने टायर. शेजारच्या खड्ड्यात साखर कारखान्यातला बीटचा चोथा, आणि फ्रेंच फ्राइजच्या कारखान्यातल्या बटाट्याच्या साली. त्यात लाजण्यासारखं काही आहे असं तिथं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

पण मला बाबांची थट्टा करायची नव्हती. शब्द त्यांनी चुकीचा वापरला, एवढंच. उष्टं म्हणजे कुणाच्या तरी तोंडचं. गाईला आपण पहिला घास काढून ठेवतो, शेवटचा नाही, हे मलाही कळतं. पण ढेप काय आहे? सरकीतून तेल काढून घेतल्यावर उरलेलं. चुनी म्हणजे अकोल्याच्या डाळ मिलमधलं उरलेलं. कोंडा भंडारा-गोंदियाच्या राईस मिलमधला. विदर्भातली दुभती गाय कारखान्याच्या उरलेल्यावरच जगत आली आहे. आपण त्याला ढेप म्हणतो, म्हणून ते कुणाला खुपत नाही.

खऱ्या उष्ट्याला मात्र आपण बिनदिक्कत हात लावतो. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात पंगती उठल्यावर भात, बुंदी, पुऱ्या असं सगळं घमेल्यात भरून काकांच्या गाईपुढं ठेवलं. अन्न वाया जाऊ नये आणि गोमातेलाही गोड मिळावं, असा दुहेरी पुण्याचा बेत. सकाळी गाय बसलेली होती, उठेना. डावी कूस नगाऱ्यासारखी ताणलेली, नाकपुड्या कोरड्या, दात खाण्याचा आवाज येत होता. डॉक्टरांनी खायचा सोडा पाजला, सलाइन लावलं. दुपारी गाय गेली. एवढा शिजलेला भात एकदम पोटात गेला की तो आंबून आम्ल होतं आणि पोटाचं कामच बंद पडतं. हे तेव्हा आमच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. काकू नजर लागली म्हणाली.

युरोपात नेमकं याच्या उलट आहे. कारखान्यातला चोथा चालतो, हॉटेलातलं आणि स्वयंपाकघरातलं उरलेलं गाईम्हशींना, डुकरांना घालायला कायद्यानं बंदी. हे शहाणपण त्यांना फुकट मिळालेलं नाही. मेलेल्या जनावरांच्या मांसाहाडांची पूड ब्रिटननं गाईंना चारली आणि मॅड काऊ हा गाईंच्या मेंदूचा रोग ओढवून घेतला. शेवटी १९८८ मध्ये त्यांना ते बंद करावं लागलं. २००१ मध्ये तिथंच लाळ्या-खुरकताची साथ आली, तिचं मूळ डुकरांना न उकळता घातलेल्या खरकट्यात असावं असा निष्कर्ष निघाला. तेव्हा "आमच्याकडे बघा" असं म्हणायला युरोपला फारसं तोंड नाही.

मला २००४ ची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नेदरलँड्समध्ये एका गोठ्याच्या दुधात डायॉक्सिन हे विषारी रसायन सापडलं. शोध घेत गेले तर ते बटाट्याच्या सालीतून आलेलं, आणि सालीत आलं ते बटाटे वेगळे करायला वापरलेल्या मातीतून. शंभराहून जास्त गोठे तात्पुरते बंद ठेवले. माल वाईट निघाला, तो कुठंही निघू शकतो. पण दुधापासून मातीपर्यंत उलटं चालत जाता आलं, कारण प्रत्येक ट्रकबरोबर कागद होता. कुठला माल, कधीचा, कुणाकडे गेला.

आपल्याकडे हे कुठं अडतं ते मी लहानपणापासून पाहिलंय. पावसाळ्यात ढेपेचं पोतं भिंतीला लागून राहतं, कोपऱ्याला हिरवट-काळी बुरशी धरते. बाबा तो तुकडा उचलून हुंगायचे, विळ्यानं बुरशी खरवडायचे आणि उरलेली ढेप रात्री भिजत घालायचे. "वाया काऊन घालाचं?" खरवडून बुरशी जाते, तिचं विष जात नाही. हे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही टिकतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, २०१८ च्या दूध पाहणीत ६,४३२ नमुने तपासले. त्यातल्या ३६८ मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त होतं. ही आपली मर्यादा, युरोपची तर याच्या दहापट कडक आहे.

डीडीजीएसमध्ये हा धोका वाढतो. धान्यातला स्टार्च निघून गेला की उरलेला माल साधारण तिसरा हिस्सा राहतो, आणि धान्यात बुरशीचं विष असेल तर ते त्या तिसऱ्या हिश्श्यात गोळा होतं. इथेनॉलला जाणारा दाणा काही निवडून घेतलेला नसतो.

बिअरचा ओला चोथा तर आपल्याकडे विसराच. त्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणी. छत्रपती संभाजीनगरला बिअरचे कारखाने आहेत, पण तिथून आर्वीला आणायचा म्हणजे पाण्याचं भाडं भरायचं, आणि आपल्या मे महिन्यात तो दोन दिवस टिकणार नाही. त्यापेक्षा वरूड-मोर्शीच्या संत्र्याकडे मी आशेनं बघतो. ब्राझीलमध्ये रस काढल्यावरची साल चुना लावून, दाबून, वाळवून गाईंना घालतात. आपल्याकडे मुळात रस काढणारेच कमी, मग साल कुठून येणार?

आता जे मला ग्रुपवर लिहिता आलं नाही ते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं, तसा बाजारात डीडीजीएसचा पूर आला. पशुखाद्य आणि कोंबडीखाद्यवाल्यांनी सोयाबीन पेंडीऐवजी ते धरलं, पेंडीचा उठाव पडला. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि हंगामात मंडीत त्याच्या खालीच विकलं गेलं. एकटं डीडीजीएस त्याला जबाबदार नाही, आयात तेल आहे, जगातलं भरघोस पीक आहे. पण तेही त्यात आहे. म्हणजे धाकटा गोठ्यात जे वाचवतो ते वावरात गमावतो, आणि दोन्ही वह्या एकाच ट्रंकेत असतात. माझ्या डच शेजाऱ्याला हा पेच पडत नाही. त्याचं सोयाबीन ब्राझीलमधून येतं, भाव पडला तर तो खूशच होतो. म्हणून त्याचा गोठा दाखवून माझ्या भावाला शिकवणं मला बरोबर वाटत नाही.

तरीही विचारलंच तर, घे म्हणेन. माल चांगला असेल तर गाईला तो दारूचा की तेलाचा याच्याशी देणंघेणं नाही. पण थोडा थोडा वाढवत, ढेपेत मिसळून, आणि पोत्यावर काय लिहिलंय ते वाचून. एवढंच मी त्याला फोनवर म्हणालो, "पोत्याचा फोटो पाठव. प्रथिनं किती, ओल किती, बॅच कुठली."

फोटो आला. पांढरं पोतं, त्यावर हिरव्या अक्षरांत 'उत्तम पशुखाद्य', खाली हिरव्या कुरणात उभी काळी-पांढरी गाय. टक्के नाहीत, तारीख नाही, कारखान्याचं नाव नाही. मी विचारलं, बाकीचं कुठंय?

"बाकी काई नाई," तो म्हणाला. "पण गाय तं तुह्याच तिकडची हाय ना, दादा."