कोर्टकचेरी नसलेलं लिटिगेशन?

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘मुलाला कॉर्पोरेट लिटिगेशनला घाला. कोर्टकचेरी नाही, एसीतली नोकरी, जोडीला स्वतःची प्रॅक्टिस. फक्त इंग्रजी माध्यम हवं.’ यंदा तो मावसभावानेच पाठवला, खाली ‘ताई, खरं का?’

कोर्टकचेरी नाही म्हणे! अरे, लिटिगेशन म्हणजेच कोर्टकचेरी. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे करार करणारे वकील वेगळे, ते फिसकटल्यावर भांडणारे आम्ही वेगळे. सायरस मिस्त्रींना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून ऑक्टोबर २०१६ मध्ये हटवलं. वाद मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणात गेला, तिथे २०१८ मध्ये टाटा जिंकले, २०१९ मध्ये अपिलात मिस्त्री, आणि मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पुन्हा टाटा. अशा प्रकरणात ज्युनिअरच्या वाट्याला युक्तिवाद येत नाही. येतात ती प्रतिज्ञापत्रं, पानांवर नंबर घातलेली कम्पायलेशन्स, म्हणजे कागदपत्रांचे गठ्ठे, आणि सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, बघून आपलं मॅटर कितवं आहे ते सीनिअरला कळवणं.

एसीतली नोकरी? एसी असतो, नाकारत नाही. पण व्यावसायिक दाव्यात समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर, गेली नाही, तर ती देण्याचा हक्कच संपतो. उशीर माफ करण्याची सोय कोर्टालाही नाही. आणि अशील कागद पाठवतो एकशे अठराव्या दिवशी, तेही व्हॉट्सॲपवर, तिरके फोटो काढून. त्या रात्री एसी चालू होता की नाही, हे आठवत नाही.

नोकरी आणि प्रॅक्टिस दोन्ही? वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिलचा नियम सरळ आहे: कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरलीत की वकिली थांबवायची, सनद (वकिलीचा परवाना) स्थगित. मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य हेच, कारण ते खोटं आहे हे मुलांना पदवीनंतरच कळतं.

इंग्रजीचं निम्मं खरं आहे. हायकोर्टाचं कामकाज इंग्रजीतच चालतं, ते पक्कं यायलाच हवं. माध्यमाचा मात्र संबंध नाही. घरच्या कंपनीत भाऊभाऊ भांडतात तेव्हा फाइलमधून निघतात सातबारा, फेरफार आणि काकांच्या हस्ताक्षरातली वाटणीची यादी. ती वाचायला चेंबरमध्ये हाक मलाच येते, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली.

भावाला कळवलंय, सुट्टीत पोराला एक दिवस न्यायाधिकरणात घेऊन ये. सुनावणी कुणालाही बघता येते. बसायला खुर्ची मिळेलच असं नाही.