मोफत शिक्षण आणि सायबर कॅफेवाल्याचा मोबाइल नंबर

सकाळपासून एकच पोस्टर प्रत्येक ग्रुपवर फिरतंय. ‘मुलींना उच्च शिक्षण १०० टक्के मोफत!’ पुढे पाठवणाऱ्यांपैकी एकानंही मूळ शासन निर्णय उघडलेला नाही, पैजेवर सांगते.

८ जुलै २०२४ चा महाराष्ट्र शासनाचा निर्णय आहे तो. माफी फक्त शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची. तीही व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. मॅनेजमेंट कोट्यातून गेलात, विषय संपला. खाजगी अभिमत किंवा खाजगी विद्यापीठात गेलात, तरी संपला. डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल, मेस, बस हे आपल्याच खिशातून.

आमच्या गल्लीतल्या टेम्पोवाल्या दादांची मुलगी या सगळ्यात चोख बसते. ओबीसी, कॅप, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. आणि आज कॉलेजच्या क्लार्कनं तिला सांगितलं, मागच्या वर्षीची पूर्ण फी भर, मग परीक्षेचा फॉर्म.

का? ही माफी मिळवायला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. तो फॉर्म सायबर कॅफेवाल्यानं भरला होता. मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. कॉलेजनं अर्ज परत पाठवला, कारण उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपलेला होता. मेसेज गेला कॅफेवाल्याला. त्याच्याकडे असे किती फॉर्म! मुदत निघून गेली. फॉर्म सबमिट केला म्हणजे काम झालं असं घरात सगळ्यांना वाटत होतं.

काम तिथून सुरू होतं हो! अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाकडे. कुठूनही ‘सेंट बॅक’ होऊ शकतो. दर आठवड्याला लॉगिन करून स्टेटस बघायचं, परत आला तर दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचं. पुढच्या वर्षी रिन्युअल वेगळं, ते आपोआप होत नाही.

पोर्टल रखडतं, ओटीपी येत नाही, मान्य. पण दाखल्याची तारीख पोर्टलनं नाही चुकवली.

आणि ‘आजकालची मुलं मोबाइलमध्ये हुशार, भरतील की’ म्हणणाऱ्यांची तर मला चीड येते. उत्पन्नाचा दाखला कुणाच्या नावावर निघतो? बापाच्या. त्यासाठी रेशनकार्ड, तलाठ्याचा अहवाल किंवा नोकरदाराचा फॉर्म १६, सातबारा कुणी आणायचा? अठरा वर्षांच्या पोरीनं? हे काम घराचं आहे आणि ते बारावीच्या परीक्षेआधीच सुरू व्हायला हवं. जात पडताळणीला महिने जातात, म्हणून तो अर्ज बारावीत असतानाच कॉलेजमार्फत करायचा. नॉन क्रीमीलेअरवर प्रवेशाच्या पुढच्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंतची मुदत आहे का, ते बोट ठेवून वाचायचं. उत्पन्नाचा दाखला १ एप्रिलनंतर नवा काढायचा. कॅपचं अलॉटमेंट लेटर आणि फीची पावती जपून ठेवायची. स्कॅन २५६ केबीच्या आत, पण अक्षर वाचता येईल असं. आधार आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते निस्तरायचं.

बँकेचंही तेच. खात्याला आधार ‘लिंक’ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे एनपीसीआयच्या मॅपरवर (कुठला आधार कुठल्या बँकेला जोडलाय त्या यादीवर) जे खातं आहे त्यातच पडतात, आणि ते शाळेतल्या शिष्यवृत्तीसाठी काढलेलं, आता बंद पडलेलं खातं असू शकतं. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधारच्या, साइटवर बँक सीडिंग स्टेटस तपासा. चुकीची बँक दिसली तर हव्या त्या बँकेत आधार सीडिंगचं संमतीपत्र भरून द्या.

दादांवर मात्र राग धरवत नाही. माणूस पहाटे चारला मार्केट यार्डात असतो. सेतू केंद्र उघडतं तेव्हा तो भाजी उतरवत असतो. एक दाखला काढायचा म्हणजे त्याचा एक दिवसाचा धंदा बुडतो. चौकशी तरी कुणाकडे करायची त्यानं? खरं तर पात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी माफीची रक्कम मागायची नाही, अशा सूचना कॉलेजांना आहेत. मागितलीच तर लेखी मागा म्हणावं. पण मुलगी तिथं चार वर्षं काढणार, बाप भांडायला कचरतो. कळतं मला.

आता दादा पतसंस्थेकडे निघालेत. त्याआधी राष्ट्रीयीकृत बँकेत जा. शैक्षणिक कर्जाला ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि मार्जिनही (खर्चातला आपला वाटा) नाही, पालक सहकर्जदार लागतात. हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो, व्याज मात्र पैसे उचलल्यापासून चढतं. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवरूनच टाका, म्हणजे त्याचा नंबर हातात राहतो. मॅनेजर ‘नंतर या’ म्हणाला तर नकार लेखी मागा.