मलावीच्या आई-बापांवर फोडलेलं खापर

आफ्रिकेच्या गरिबीवरचा एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात उदाहरण घेतलंय मलावीचं. सारांश असा: या देशात कधी युद्ध झालं नाही, जमीन सुपीक, शेजारी गोड्या पाण्याचं अवाढव्य सरोवर, वर जगाची मदत. तरी देश कंगाल, कारण तिथल्या आई-बापांना शिक्षणाची किंमत नाही. शाळा फुकट असूनही मुलं शेतात राबतात. ज्याच्यात धमक होती त्या विल्यम कामक्वाम्बाने भंगारातून पवनचक्की उभी केलीच. ‘बाकीच्यांना कोणी अडवलं होतं?’

मुद्दे ओळीने घेऊ. सगळेच खोटे नाहीत, म्हणून तर असले संदेश पचतात.

आधी आई-बाप. १९९४ साली हेस्टिंग्ज बांडांची तीस वर्षांची राजवट मतपेटीतून संपली. बाकिली मुलुझी अध्यक्ष झाले आणि त्यांनी प्राथमिक शाळेची फी रद्द केली. तोवर पटावर सुमारे १९ लाख मुलं होती, वर्षभरात ती २९ लाखांच्या आसपास गेली. देशाची लोकसंख्या तेव्हा एक कोटीच्या घरात, म्हणजे दर दहा माणसांमागे एक नवं मूल शाळेच्या दारात आलं. किंमत नसलेल्या गोष्टीसाठी एवढी झुंबड उडत नाही. गावागावांत पालकांनी माती मळून विटा पाडल्या, भट्ट्या लावल्या आणि वर्ग बांधायला दिल्या. ती प्रथा आजही आहे. भिंती गाव उभ्या करतं, पत्र्यासाठी सरकारची नाहीतर एखाद्या संस्थेची वाट बघतं.

कमी पडलं ते पुढचं सगळं. जवळजवळ २०,००० नवे शिक्षक घाईघाईत भरले. त्यातले बहुतेक दोन-तीन आठवड्यांच्या जुजबी प्रशिक्षणावर वर्गात उभे राहिले. त्याच काळात एड्सने होते ते शिक्षकही ओढून नेले. पहिलीच्या एका वर्गात शंभरावर मुलं, काही वर्ग झाडाखाली, पावसाळ्यात सुट्टी. अशा वर्गातलं मूल त्याच इयत्तेत दोन-तीनदा बसतं आणि एक दिवस यायचं थांबतं. हजेरीपटावर त्याची नोंद ‘गळती’ अशी होते, आणि आपला संदेश लिहिणारा तिचा अर्थ ‘अनास्था’ असा लावतो. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.

आणि जिथे पैसा होता तिथे तो गेला कुठे? १९८१ साली बांडांनी कासुंगूजवळ कामुझू अकादमी काढली. लॅटिन आणि ग्रीक सक्तीची, शिक्षक ब्रिटनहून आणलेले, मलावीच्या माणसाला तिथे शिकवायला मज्जाव. त्या एका शाळेवर शिक्षणखर्चातला मोठा हिस्सा ओतला जात होता, बाकीच्या मुलांच्या तोंडाला पानं पुसून. हा दोष आई-बापांच्या खात्यावर कसा मांडणार?

‘युद्ध झालं नाही’ हे स्वातंत्र्यानंतरच्या काळापुरतं खरं आहे. पण मलावीला समुद्र नाही. माल बाहेर जायचा तो शेजारच्या मोझांबिकमधून, नाकाला आणि बैरा बंदरांकडे जाणाऱ्या रेल्वेने. मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी चालली आणि ऐंशीच्या दशकात हे दोन्ही मार्ग बंद पडले. मग खत, इंधन, तंबाखू, सगळं ट्रकने हजारो किलोमीटर फिरवून दरबान किंवा दार-एस-सलामवरून. शिवाय दहा लाखांच्या आसपास निर्वासित मलावीत आले, आणि त्या गरीब देशाने ते सांभाळले. युद्ध शेजारच्या घरात होतं, बिल या घरातही येत होतं.

सुपीक जमिनीचं म्हणाल तर देशाचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चाळीस टक्क्यांहून कमी, त्यातला पाचवा हिस्सा सरोवराखाली. दोन कोटींवर लोक, बहुतेकांची शेती हेक्टरभरही नाही, आणि मक्याचं पीक एकाच पावसाळ्यावर. पैसा देणारं पीक बर्ली तंबाखू, म्हणजे सिगारेटमध्ये जाणारा. ते लावायची परवानगी १९९० पर्यंत फक्त मोठ्या मळेवाल्यांना होती. छोट्या शेतकऱ्याला कायद्यानेच बाहेर ठेवलं होतं.

मुलं तंबाखूत राबतात, हे मात्र खरं. मळेवाला कुटुंबाला जमीन, बी आणि खायला मका उधारीवर द्यायचा. हंगामाअखेर त्यानेच ठरवलेल्या भावातून ती उधारी कापून घ्यायचा. उरलं तर कुटुंबाचं. बायकोमुलांचे हात कामाला लावल्याशिवाय या हिशेबात भागतच नसे. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने याच कारणावरून मलावीच्या तंबाखूची आयात रोखली, आणि २०२१ मध्ये मलावीने ही कूळपद्धत कायद्याने बंद केली. बाप आळशी म्हणून पोर शेतात, असं म्हणणं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला.

जगाच्या मदतीचं म्हणाल तर भ्रष्टाचार झाला, हेही खरंच. २०१३ चा ‘कॅशगेट’ घोटाळा: सरकारी पैसे न झालेल्या कामांच्या बिलांवर उचलले गेले, अधिकाऱ्यांच्या गाड्यांत नोटांच्या थप्प्या सापडल्या. त्यावर देणाऱ्या देशांनी थेट अंदाजपत्रकात जाणारी मदत थांबवली. चोरी केली राजधानीतल्यांनी, आणि हात आखडता घेतल्याची झळ बसली खेड्यातल्या शाळा-दवाखान्यांना.

आता कामक्वाम्बा. संदेशातलं हे सगळ्यात लाडकं उदाहरण आणि तेच सगळ्यात उलटं पडतं. १९९४ ला फुकट झालं ते फक्त प्राथमिक शिक्षण, माध्यमिक शाळेला फी होती. २००१-०२ च्या दुष्काळात घरात खायला नव्हतं, बापाला फी भरता आली नाही, आणि चौदा वर्षांच्या विल्यमला शाळेतून काढलं. गावच्या प्राथमिक शाळेतल्या छोट्याशा ग्रंथालयात, देणगीत आलेल्या पुस्तकांतून त्याला पवनचक्कीचं चित्र सापडलं. निलगिरीचे वासे, ट्रॅक्टरचा पंखा, मोडकी सायकल, एवढ्यावर त्याने घरात दिवा लावला. धमक होतीच, पण ती त्याला शाळेत परत नेऊ शकली नाही. पुढे बाहेरच्या लोकांना त्याचं काम कळलं, त्यांनी त्याच्या शिक्षणाचा खर्च उचलला, तेव्हा कुठे तो पुन्हा वर्गात बसला.