दोराच्या खालच्या टोकाला

कॉलेजात रॉक क्लाइंबिंगचा प्राथमिक कोर्स घेतलाय असं कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक तरुण उभा राहतो. एका हाताने कड्याला लोंबकळतोय, केस वाऱ्यावर उडतायत, जबडा आवळलेला. हा गैरसमज दूर करायची घाई मी कधी केली नाही. पण तुम्ही नाव नोंदवायच्या विचारात असाल तर खरं काय ते सांगायला हवं. या कोर्सात चढणं अगदी थोडं असतं. उरलेला वेळ तुम्ही खाली उभे असता, मान वर करून, दुसऱ्याचा दोर धरून.

आणि केस उडत नाहीत. डोक्यावर हेल्मेट असतं.

पहिल्या दिवशी भिंतीला हात लावायला मिळेल ही आशा सोडा. पहिल्या दिवशी गाठ शिकवतात. फिगर ऑफ एट. दोराचा आठ करायचा, टोक हार्नेसच्या, म्हणजे कंबर-मांड्यांना आवळायच्या पट्ट्यांच्या, समोरच्या दोन्ही फासांमधून ओवायचं आणि आल्या वाटेनेच तो आठ पुन्हा गिरवत मागे यायचं. इंग्रजी आठ, बरं का. मराठी आठ घातलात तर कृपा करून वर जाऊ नका. हीच गाठ का, तर ती बरोबर आहे की नाही हे लांबूनही दिसतं: दोन-दोन पदर शेजारी शेजारी, शिस्तीत. चुकली तर लगेच डोळ्यात खुपते. त्यामुळे आमचे सर वर्गाच्या दुसऱ्या टोकाला पाठमोरे उभे असतानाही मला "सोड, परत घाल" म्हणू शकत. पाठमोरे कसे, हे मला आजही समजलेलं नाही.

मग हार्नेस. कंबरेला एक पट्टा, मांड्यांना दोन. तो घातल्यावर भल्याभल्यांची चाल बदलते. सगळा वर्ग पाय फाकवून, सदरे वर गोळा झालेले, कंबरेला कड्या खुळखुळत इकडून तिकडे फिरत असतो आणि कुणीच कुणाला हसत नाही, कारण सगळ्यांची अवस्था तीच. त्या कड्यांना कॅराबिनर म्हणतात. माझ्या हातात आलेल्या कॅराबिनरवर २२ किलोन्यूटन कोरलेलं होतं, म्हणजे सव्वादोन टनांच्या आसपास. मला त्या आकड्याने फार धीर आला. मग सरांनी सांगितलं, की कडी उघडी राहिली किंवा आडवी पडली तर ही ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येते. माणसाला धीर कधी पूर्ण मिळूच द्यायचा नाही, हे बहुधा अभ्यासक्रमातच असावं.

बुटांबद्दल थोडक्यात. ते नेहमीच्या मापापेक्षा लहान घालायचे असतात, म्हणजे बोटं पुढे दुमडून बसतात आणि बोटाच्या टोकावर, पेनाच्या टोपणाएवढ्या खाचेवरही उभं राहता येतं. कॉलेजचे बूट सामाईक असतात. त्यांच्या वासात अनेक बॅचेसचा इतिहास आहे. श्वास तोंडाने घ्या.

चढाईला काठिण्यपातळी देतात ते गणित वेगळंच आहे. अमेरिकन पद्धतीत पाच म्हणजे दोर लागेल अशी चढाई. त्यापुढे दशांश: ५.० सोपी, ५.९ सगळ्यात अवघड. १९५०च्या दशकात हे ठरवलं तेव्हा ५.९च्या वर काही असेलसं वाटलं नसावं. पुढे लोक त्याहून अवघड चढू लागले, मग आलं ५.१०, जे ५.९पेक्षा अवघड. शाळेत हे लिहिलं असतं तर बाईंनी वही फेकली असती. आता प्रकरण ५.१५पर्यंत गेलंय, आणि १०च्या पुढे प्रत्येक आकड्याला ए, बी, सी, डी अशी शेपटंही आहेत. आमच्या वाट्याला ५.५ आणि ५.६ आले. निकालपत्रात शोभून दिसतात.

हाताला लावायची पांढरी पूड म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम टिपते, पकड सुधारते. ती जिम्नॅस्ट लोकांकडून या खेळात आली आणि आणण्याचं श्रेय जॉन गिल या अमेरिकन क्लाइंबरला देतात. तो जिम्नॅस्ट होता आणि पुढे गणिताचा प्राध्यापक झाला. नवशिक्यांना या पुडीचा खरा उपयोग एवढाच, की "जरा हात कोरडे करतो" म्हणत जमिनीवर आणखी पाच मिनिटं काढता येतात.

एकदाचे तुम्ही भिंतीवर जाता. खालून सगळे एकच गोष्ट ओरडतात: "पाय बघ! पाय!" शिकवलेलं असतं की भार पायांवर घ्यायचा, हात सरळ ठेवायचे, हातांनी स्वतःला वर ओढायचं नाही. पटलेलं असतं. जमिनीपासून दोन मीटरवर गेलं की पटलेलं सगळं विसरतं आणि आपण दिसेल त्या होल्डला, म्हणजे भिंतीवर धरायच्या उंचवट्याला, कवटाळतो. मग कोपर ते मनगट हा भाग टम्म फुगतो, बोटं आपली आपण उघडू लागतात. त्यात एक पाय लटलटायला लागतो. क्लाइंबर त्याला शिलाई मशीन म्हणतात, आणि माझं मशीन इतकं जोरात चाललं होतं की खाली एकीने "काय शिवतोस?" म्हणून विचारलं. संध्याकाळी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. ते शेजाऱ्याला द्यावं, लाजू नये. ऑलिंपिकमधले अव्वल पुरुष स्पीड क्लाइंबर १५ मीटरची भिंत पाच सेकंदांच्या आत चढतात, ही माहिती सरांनी नेमकी तेव्हाच दिली.

पण हे सगळं परवडलं. अवघड आहे ते बिले करणं.

बिले म्हणजे चढणाऱ्याचा, वरच्या कडीतून फिरून खाली आलेला दोर खालून सांभाळणं. तो वर सरकेल तसा ढिला दोर ओढून घ्यायचा आणि ब्रेकचा हात, म्हणजे दोर रोखून धरणारा हात, कधीही, म्हणजे कधीही, दोरावरून काढायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही. सुरुवात करण्याआधी एकमेकांची तपासणी: बकल, गाठ, बिले डिव्हाइस (दोर अडवणारं साधन), कॅराबिनरचं लॉक. माझा जोडीदार दुसऱ्या शाखेतला, तोवर आमचं "हाय"च्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि आता मी त्याच्या पोटाशी वाकून गाठीचे पदर मोजत होतो.

"बिले तयार?"

"तयार."

"चढतोय."

"चढ."

तो माझ्यापेक्षा चांगला पंचवीस किलोंनी जड. अर्ध्यावर गेला आणि सूचना न देता सुटला. दोर ताणला गेला. तो तसा ताणला जावा म्हणूनच बनवलेला असतो, म्हणजे झटका मऊ बसतो. गणित साधं होतं: तो खाली आला, मी वर गेलो. दोघं मध्येच कुठेतरी समोरासमोर आलो. माझा हात दोरावर घट्ट होता, हे नमूद करतो.

"अरे, तू इथे काय करतोयस?" तो म्हणाला.

"तुला धरलंय."

सरांनी काही न बोलता मला खाली ओढलं आणि माझ्या हार्नेसच्या मागून एक पट्टा घेऊन जमिनीतल्या कडीला अडकवला. त्यानंतर तो सुटला की मी फक्त ताठ होत असे. त्याचा मात्र माझ्यावर एवढा विश्वास बसला की तो मुद्दाम अवघड होल्ड निवडू लागला. पडणारा निर्धास्त आणि जमिनीवर उभा असलेला घामाघूम, असा हा खेळ आहे. बिले करताना कोणी टाळ्या वाजवत नाही; सगळे वर बघत असतात.

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षा. गाठ, तपासणी, बिले, आणि जोडीदाराला सावकाश खाली उतरवणं. वर पोहोचण्याला एकही गुण नव्हता. हे माझ्या जोडीदाराला तिसऱ्या होल्डवर असताना कळलं आणि त्याने तिथूनच "खाली घे" म्हणून सांगितलं. सावकाश उतरवण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं, तरी मी उतरवला. सरांनी दोघांना पास केलं आणि दोर गुंडाळायला लावला. साठ मीटर होता.