गरम झाल्यावर बंद पडणारी पद्मिनी : दरवेळी पेट्रोलची वाफच कशी असेल?

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज दर उन्हाळ्यात नव्याने फिरतो. यंदा तो मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा : गाडी थंड असताना नीट चालते आणि तापल्यावर बंद पडते, तर ते शंभर टक्के व्हेपर लॉक, म्हणजे पाइपातल्या पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता न येणं. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाका, थर्मोस्टॅट (इंजिन थंड असताना रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप) काढून टाका, इलेक्ट्रिक पंप बसवा. प्लगची ठिणगी तयार करणाऱ्या कॉइल-कंडेन्सरच्या मागे लागू नका, ते एकतर चालतात नाहीतर कायमचे जातात. आणि हा सगळा त्रास इथेनॉलच्या पेट्रोलमुळे सुरू झाला.

यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच लोक विश्वास ठेवतात. पण त्यापायी चांगले पंप काढले जातात आणि मूळ दोष जागेवरच राहतो. मी अठरा वर्षं प्रीमियर पद्मिनी चालवतोय, तिच्या 1089 सीसी इंजिनाची बहुतेक कामं स्वतः करतो. म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

"फडकं टाकलं की सुरू होते, म्हणजे वाफच"

सगळी गल्लत इथेच होते. फडकं टाकून आपण वीस-पंचवीस मिनिटं थांबतो. तेवढ्यात पंप निवतो, तसं बॉनेटखालचं बाकी सगळंही निवतं : कॉइल, कंडेन्सर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्बोरेटर. मग गाडी कशामुळे सुरू झाली, हे कसं ठरवणार?

मी स्वतः यात फसलोय. एप्रिलमध्ये नाशिकला जाताना कसारा घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घुटमळली आणि बंद पडली. इंजिनावरच्या एसी पंपावर, म्हणजे पेट्रोलच्या पंपावर, ओला पंचा टाकला, वीस मिनिटांनी सुरू झाली. मी निर्धास्त झालो. इगतपुरीच्या पुढे सपाट रस्त्यावर, साठच्या वेगात, पुन्हा बंद. तेव्हा शंका आली, कारण चालत्या गाडीत पंपावर वारा लागत असतो, टाकीतून तुलनेने थंड पेट्रोल सतत येत असतं. अशा वेळी वाफ अडण्याचा संभव कमी. ती धरते ती ट्रॅफिकमध्ये रांगताना, लांब चढावर, किंवा तापलेलं इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी परत सेल्फ मारताना.

दिवेलागणीची वेळ होती. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप काढली, भाच्याला आतल्या पॉइंटकडे (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) बघायला सांगितलं आणि मी सेल्फ मारला. तो म्हणाला, "मामा, आत वीज चमकतेय." पॉइंट उघडताना दरवेळी निळसर-पांढरी, चांगली जाड ठिणगी पडत होती. पॉइंटवर एवढी ठिणगी पडणं म्हणजे कंडेन्सर काम करत नाही. तो धड असेल तर पॉइंटवर बारीकशीच ठिणगी दिसते आणि खरा जोर प्लगवर जातो. डिकीतला जुना कंडेन्सर लावला. एक स्क्रू, एक वायर. इंजिनाला हात लावता येत नव्हता इतकं ते तापलेलं होतं, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. पंपाला कोणी हातही लावला नव्हता. बिघडलेला कंडेन्सर तीनच महिन्यांपूर्वी नवा बसवलेला होता.

म्हणून थांबून बघण्याला अर्थ नाही. गाडी बंद पडली त्याच क्षणी, ती गरम असतानाच, करंट (प्लगची ठिणगी) नाही की पेट्रोल नाही हे बघायचं.

"कॉइल एकतर चालते नाहीतर जाते"

हे साफ चूक आहे. कॉइलमध्ये तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे 0.4 टक्के वाढतो. म्हणजे कॉइल 60 अंशांनी तापली तर रोध जवळजवळ पाव पटीने वाढतो आणि ठिणगी अशक्त होते. त्यात वेढ्यांवरचं इन्सुलेशन कुठे कमकुवत झालं असेल, तर ते तापल्यावर दगा देतं आणि निवल्यावर पुन्हा सावरतं. कंडेन्सरचंही तसंच.

आणखी एक गोष्ट मी वारंवार पाहतो. बॅलास्ट रेझिस्टरबरोबर (कॉइलमधला प्रवाह मर्यादेत ठेवणारा जादा रोध) वापरायची दीड ओहमची कॉइल रेझिस्टरशिवाय थेट बारा व्होल्टला जोडलेली असते. बसते छान, चालतेही. पण तीन ओहमच्या कॉइलमधून 4 अँपिअर जातात तिथे हिच्यातून 8 जातात. ती तापणारच. कॉइल बदलल्यापासून हा त्रास सुरू झाला असेल, तर आधी मल्टिमीटर लावून बघा.

"प्लग बाहेर काढून बघितला, करंट येतोय" हेही पुरेसं नाही. सिलिंडरमध्ये दाबाखाली ठिणगी पडायला मोकळ्या हवेपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची मुख्य वायर इन्सुलेटेड पकडीने धरून इंजिनापासून सहा-सात मिलिमीटरवर ठेवा. निळी, कडकड आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळी आणि मलूल असेल तर दोष तिथेच. हे करताना जवळपास पेट्रोल सांडलेलं नको.

"शंभर टक्के पेट्रोलची वाफ"

पेट्रोलचा दोष असला तरी तो वाफेचाच असेल असं नाही. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं, तर पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि पंपाला ओढवेनासं होतं. गाडी वीस मिनिटांनी बंद पडते, थोडा वेळ थांबलं की सुरू होते. दिसायला अगदी गरम झाल्यासारखं, पण उष्णतेचा संबंध नाही. बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा "फुस्स" ऐकू आला तर दोष सापडला.

चोक पूर्ण मागे जात नसेल, तर तापलेलं इंजिन जास्तीच्या पेट्रोलने गुदमरतं. प्लग काळे, काजळी धरलेले निघतात. टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) फार घट्ट, म्हणजे फट कमी ठेवलेले, असतील तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीत आणि गाडी सिग्नलला बंद पडते. कित्येक गाड्यांचे टॅपेट वर्षानुवर्षं कोणी बघितलेले नसतात.

खरंच पेट्रोल येत नाही का, हे बघायला एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात बघा आणि अ‍ॅक्सिलरेटर हाताने ओढा. अ‍ॅक्सिलरेटर पंप असलेल्या कार्बोरेटरमध्ये बारीक धार दिसायला हवी. धार आली तर फ्लोटच्या वाटीत, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे, वाफेचा विषय तिथेच संपला.

"थर्मोस्टॅट काढा, इलेक्ट्रिक पंप लावा"

थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर टेंपरेचरचा काटा चढतो. मग तो बदला. काटा जागेवर असताना गाडी बंद पडत असेल तर त्याचा काय संबंध? तो काढला की इंजिन उशिरा तापतं, पेट्रोल जास्त खातं, ऑइल लवकर खराब होतं.

इलेक्ट्रिक पंप खऱ्या व्हेपर लॉकवर उपयोगी पडतो, पण टाकीजवळ बसवला आणि कमी दाबाचा असला तरच. इंजेक्शनच्या गाडीचा पंप 40 पीएसआयच्या आसपास दाब देतो, जुन्या कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल तीन-चारलाच टेकीला येते. त्याच्या वरचं पेट्रोल ओसंडून तापलेल्या इंजिनावर पडतं. हे आगीला आमंत्रण आहे, कृपा करून करू नका.

"सगळं इथेनॉलमुळे"

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2023 पासून मिळू लागलं आणि त्याने जुन्या रबराचं नुकसान होतं, पंपाचा पडदा आणि पाइप दोन्हींचं. शिवाय पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 पट हवा लागते, शुद्ध इथेनॉलला 9 पट. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) तोच राहिला की मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि गाडी आयडलला घुटमळते. इथेनॉल चालेल असा पडदा आणि पाइप आता सगळ्यांनीच बसवून घ्यावेत, जेटही तपासून घ्यावा.

पण तापल्यावर करंट जाणं हे पॉइंटच्या जमान्यातलं जुनं दुखणं आहे. माझे वडील याच गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदात गुंडाळलेला जास्तीचा कंडेन्सर ठेवायचे, तेव्हा इथेनॉलचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. इगतपुरीच्या पुढे मी डिकीतून काढून लावला तो त्यांचाच होता, आणि अजून तोच चालू आहे.